पेनड्राइव्ह ‘दिसत नाही’ म्हणजे नेमकं काय होतं

पुणे

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, “पेनड्राइव्ह लावलाय, पण कॉम्प्युटरला दिसत नाही.” आणि मग विचारलंत, हे यूएसबी यूएसबी म्हणतात ते असतं तरी काय. फोनवर हे समजावणं अवघड, त्याला वस्तू हातात असावी लागते. म्हणून लिहिते आहे. पेनड्राइव्ह, प्रिंटरची केबल आणि फोनची केबल टेबलावर घेऊन बसा. आई, तूही ये शेजारी. पेनड्राइव्हमधले निम्मे फोटो तर तुझ्या माहेरचे आहेत.

यूएसबी म्हणजे युनिव्हर्सल सीरियल बस. पूर्वी कीबोर्डला वेगळं गोल भोक असायचं, माऊसला दुसरंच, आणि प्रिंटरची रुंद केबल मागे स्क्रूने आवळावी लागायची. या सगळ्यांना एकच जोडणी असावी म्हणून सात कंपन्यांनी एकत्र येऊन १९९६ साली हा नियम ठरवला. इंटेलमध्ये त्या कामात पुढे होते अजय भट्ट, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. ‘सीरियल’ म्हणजे एकामागून एक. जुन्या प्रिंटरच्या केबलीतून आठ तारांवरून आठ खुणा एकदम जायच्या, इथे त्या एकेक करून जातात. मागावरचा धोटा एका वेळी एकच आडवा धागा नेतो, तरी बघता बघता चादर तयार होते ना? वेग असला की एकेक धागाही पुरतो. आणि ‘बस’ म्हणजे सगळ्यांनी वापरायचा सामायिक रस्ता.

आता पेनड्राइव्हचं टोपण काढा आणि उजेडात धरून आत बघा. एका बाजूला प्लॅस्टिकची पट्टी आहे, तिच्यावर चार सोनेरी रेघा. कडेच्या दोन रेघा मधल्या दोन रेघांपेक्षा पुढे आलेल्या दिसतील, जेमतेम एक मिलिमीटर. तो फरक मुद्दाम ठेवलाय. कडेच्या दोन विजेच्या, ५ व्होल्टची एक आणि परतीची एक. मधल्या दोन माहितीच्या. त्यामुळे घालताना आधी वीज लागते, मग बोलणं सुरू होतं, आणि काढताना बोलणं आधी तुटतं. कॉम्प्युटरच्या भोकातही अशीच एक पट्टी आहे. दोन पट्ट्या समोरासमोर आल्या तरच आत जातं. अडलं तर जोर लावू नका, उलटून घाला. आतली पट्टी मोडली की ते भोक कायमचं गेलं.

वीज मिळाल्यावर जे होतं ते बाबांना लगेच कळेल, कारण वर्गात नवीन मुलगा आला की तुम्ही तेच करायचात. पेनड्राइव्ह माहितीच्या एका तारेवर किंचित व्होल्टेज चढवून ‘मी आलोय’ असं कळवतो. कॉम्प्युटर विचारतो, तू कोण, कुठल्या कंपनीचा, काय काम करतोस? उत्तर पटलं की हजेरीपटावर त्याला नंबर देतो. नंबर १ ते १२७ पर्यंतच असतात, आणि शून्य हा नुकत्याच आलेल्यासाठी. त्यानंतर सगळं विचारणं कॉम्प्युटरचंच. कीबोर्ड, माऊस, प्रिंटर विचारल्याशिवाय बोलत नाहीत. साध्या माऊसला तो सेकंदाला साधारण १२५ वेळा विचारतो, ‘हललास का?’

म्हणूनच प्रिंटरच्या केबलीचं एक टोक चपटं आणि दुसरं चौकोनी आहे. चपटं विचारणाऱ्याकडे, चौकोनी उत्तर देणाऱ्याकडे. दोन्ही टोकं सारखी असती तर कुणीतरी दोन कॉम्प्युटर एकमेकांना जोडले असते, आणि दोघंही नुसते विचारतच राहिले असते. आता नव्या फोनचं टाइप-सी मात्र दोन्हीकडे सारखं आणि कसंही घातलं तरी बसतं. आत २४ टोकं असतात, आणि कोण विचारणार, कोण सांगणार हे दोघं आपसात ठरवतात.

तर ‘दिसत नाही’ म्हणायच्या आधी तीन गोष्टी पाहायच्या: वीज पोहोचली का, ओळख झाली का, काम सुरू झालं का. यातलं कुठलं अडलंय ते कळलं की उपाय सापडतो.

पेनड्राइव्हवरचा दिवा लागला नाही (काहींना दिवाच नसतो, ते आधी पाहा) आणि ‘टिडिंग’ आवाजही आला नाही, तर वीज अडली. कॅबिनेटच्या पुढची भोकं आतल्या एका लांब वायरीने मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य पाटीला, जोडलेली असतात, ती सैल होते किंवा कमी पडते. मागची भोकं थेट मदरबोर्डवर असतात. मागे लावून बघा. जुन्या काळ्या भोकातून ५०० मिलिअँपिअर मिळतात, नव्या, जास्त वेगाच्या निळ्यातून ९००. फोटोंची मोठी हार्डडिस्क पुढच्या काळ्या भोकात टक्टक् करून बंद पडत असेल, तर ती बिघडली असं लगेच समजू नका. फिरायला सुरुवात करताना तिला जास्त वीज लागते. तिला मागच्या निळ्या भोकात लावा. बिनवायरच्या माऊसचं कॉम्प्युटरला लावायचं बटणाएवढं रिसीव्हर मात्र निळ्या भोकाच्या शेजारी नको. तिथली उच्च वेगाची वाहतूक त्याच्या लहरींत खरखर करते आणि माऊस अडखळतो. ते पुढच्या काळ्या भोकात ठेवा.

आवाज आला, पण पडद्यावर ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’ आलं, तर ओळख अडली. काढा, दहा सेकंद थांबा, दुसऱ्या भोकात लावा. तरीही नाही, तर ‘रीस्टार्ट’ करा. ‘शट डाऊन’ करून पुन्हा लावणं हे तेच नव्हे. विंडोज बंद होताना बरंच काही तसंच जपून ठेवतं आणि उद्या तेच परत उघडतं. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

आणि हे दोघांनीही लक्षात ठेवा: ‘यू नीड टू फॉरमॅट द डिस्क’ असं आलं तर कॅन्सल दाबायचं. फॉरमॅट नाही म्हणजे नाही. फोटो बहुतेक वेळा आत असतात, फक्त कुठे काय ठेवलंय त्याची यादी खराब झालेली असते. पुस्तकाची अनुक्रमणिका फाटावी तसं. फॉरमॅट केलं की तिथे कोरी अनुक्रमणिका चिकटते आणि जुनं शोधणं फार जड जातं. कॉपी चालू असताना पेनड्राइव्ह ओढला किंवा वीज गेली की ही यादी अर्धवट राहते. म्हणून आधी खाली उजव्या कोपऱ्यातला बाण दाबा, पेनड्राइव्हच्या चित्रावर ‘इजेक्ट’ करा, मगच काढा. सोळा जीबी फोटो साध्या पेनड्राइव्हवर चढायला अर्धा तास सहज लागतो, तो लिहितो सेकंदाला आठ-दहा एमबीच. आकडा पुढे सरकत नाहीसा वाटला तरी थांबा.

बाबा, प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवतो त्याचं कारण बहुधा हे आहे. झाडलोट करताना केबल काढली आणि परत वेगळ्या भोकात लागली. काही प्रिंटरना कॉम्प्युटर भोकावरूनच ओळखतो, त्यामुळे यादीत ‘कॉपी १’ नावाचा दुसरा प्रिंटर तयार होतो आणि छपाई पहिल्याकडेच जात राहते. केबल जुन्याच भोकात लावा आणि त्या भोकाशेजारी रंगीत चिकटपट्टीची खूण करून ठेवा.

आई, फोन लावलास की चार्ज होतो पण फोटो येत नाहीत, हे म्हणतेस ना? फोनचं कुलूप उघड, वरून पट्टी खाली ओढ, ‘चार्जिंग धिस डिव्हाइस’वर बोट ठेव आणि ‘फाइल ट्रान्सफर’ निवड. तो पर्यायच आला नाही, तर केबल तपासायची. स्वस्त केबलींत कधीकधी विजेच्या दोनच तारा असतात, माहितीच्या नसतातच. नवी पेठेत घेताना ‘डेटा केबल’ असं स्पष्ट सांग आणि दुकानातच फोटो उघडून बघ. चार्जर मोठ्या वॅटचा आहे म्हणून चांगल्या कंपनीचा फोन जळत नाही. सुरुवात ५ व्होल्टनेच होते, जास्त हवं तर फोन मागतो.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी अंगठ्याचं यंत्र लावाल तेव्हा दिवा लागला तरी अंगठा घेईलच असं नाही. वीज झाली, ओळख झाली, पण काम करायला त्याचा ड्रायव्हर (कॉम्प्युटरला ते यंत्र चालवायला शिकवणारा प्रोग्रॅम) आणि आरडी सर्व्हिस (ठसा आधारकडे सुरक्षित पाठवणारा प्रोग्रॅम) दोन्ही चालू लागतात. तिथे केबल बदलत बसू नका.

झेरॉक्सच्या दुकानात सगळ्या फोटोंचा पेनड्राइव्ह नेऊ नका. एक आठ जीबीचा वेगळा ठेवा, त्यावर छापायची तेवढीच फाइल. तिथल्या कॉम्प्युटरवरून व्हायरस चढला तर फोल्डर लपतात आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे बाण असलेले शॉर्टकट दिसतात. त्यांवर क्लिक करू नका, पेनड्राइव्ह काढून बाजूला ठेवा. मी आले की बघते. आणि फोटो फक्त पेनड्राइव्हवर ठेवू नका. बरीच वर्षं न वापरता पडला तर ज्यात फोटो साठवलेले असतात तो आतला विद्युतभार गळतो. एक प्रत हार्डडिस्कवर हवीच.

मार्च सुरू झाला की आपल्याकडे धूळ किती येते, तुम्हाला काय सांगायचं. महिन्यातून एकदा मशीन बंद करून, मेन स्विच काढून, कोरड्या मऊ टूथब्रशने भोकं झाडा. टाचणी आणि ओला फडका नको. आणि शेंगाचटणीचे हात धुतल्याशिवाय पेनड्राइव्हला हात लावायचा नाही, हे दोघांनाही. तेल त्या सोनेरी रेघांवर बसतं, त्यावर धूळ चिकटते, आणि मग कधी लागतो, कधी लागत नाही.

पुढच्या वेळी अडलं तर फोन करायच्या आधी कागदावर एवढंच लिहून ठेवा: पुढचं भोक की मागचं, दिवा लागला का, आवाज आला का, आणि पडद्यावर आलेलं वाक्य अक्षरन् अक्षर. मी रविवारी सकाळी दहाला फोन करते, तेव्हा कॉम्प्युटर चालू करून बसा.

तुमची लेक