सालामांकाला येण्याआधी

सालामांका, स्पेन
ऑगस्ट

प्रिय अमोल,
सप्रेम नमस्कार.

तुझी प्रश्नांची यादी मिळाली. त्यातले निम्मे प्रश्न अभ्यासक्रमाचे आहेत, त्यांची उत्तरं विद्यापीठ देईल. १२१८ सालापासून चालू असलेलं विद्यापीठ आहे, त्याचं कुणावाचून अडत नाही. अडतं ते आपलं, आणि तेसुद्धा वर्गात नाही, तर खोली, कागदपत्रं आणि जेवणाच्या वेळा यांत. म्हणून तेवढंच सविस्तर लिहितो.

आधी खोली, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. भाडेकरार असला की नगरपालिकेत पत्त्याची नोंद होते. या नोंदीला सगळे नुसतं ‘पाद्रोन’ म्हणतात. पाद्रोनचा दाखला परदेशी माणसाच्या ओळखपत्रासाठी, म्हणजे ‘तिए’साठी लागतो, आणि तिए हातात आलं की पुढची बरीच कामं सोपी होतात. त्यामुळे खोली बघायला गेलास की भाड्याच्याही आधी एकच विचार : ‘इथे माझं पाद्रोन करता येईल ना?’ काही घरमालकांना करार दाखवायचा नसतो, ते नाही म्हणतात. अशी खोली कितीही स्वस्त असली तरी सोड. सामायिक फ्लॅटमधली खोली इथे साधारण २५० ते ३५० युरोंत मिळते, आणि एक महिन्याचं भाडं अनामत द्यावं लागतं, त्याला ‘फियान्सा’ म्हणतात. ‘गास्तोस इन्क्लुइदोस’ असं लिहिलेलं असेल तर वीज-पाणी-गॅस भाड्यात धरलेलं असतं. पण त्याला वरची मर्यादा आहे का, हे विचारून घे. हिवाळ्यात तीच मर्यादा ओलांडली जाते. भारतातून, खोली न बघता, कुणालाही पैसे पाठवू नकोस. पहिला आठवडा होस्टेलात काढ आणि पायी फिरून खोली बघ. गाव एवढंसं आहे की या टोकाहून त्या टोकाला अर्ध्या-पाऊण तासात चालत जाता येतं.

खोली बघताना तीन गोष्टी तपासायच्या. खिडकी रस्त्यावर उघडते की इमारतीच्या आतल्या चौकात? आतली खोली शांत असते, पण डिसेंबरात तिथे दिवसाही दिवा लावावा लागतो. दुसरं, हीटिंग कसलं आहे. मध्यवर्ती असेल तर इमारत ठरवते त्या तासांनाच रेडिएटर तापतो. स्वतंत्र असेल तर हवं तेव्हा लावता येतं, बिलही आपलंच. सालामांका समुद्रसपाटीपासून जवळजवळ ८०० मीटर उंचीवर आहे आणि जानेवारीत रात्री पारा शून्याखाली जातो, तेव्हा ‘स्पेन म्हणजे ऊन’ हे डोक्यातून काढून टाक. तिसरं, गरम पाणी. गॅसचा गीझर असेल तर प्रश्न नाही. विजेची टाकी असेल तर तिची क्षमता बघ. ५० लिटरच्या टाकीत चौघांच्या सकाळच्या अंघोळी होत नाहीत.

आता कागद. व्हिसाच्या स्टिकरवर तुझा परदेशी नागरिक क्रमांक, म्हणजे ‘निए’, बहुधा छापलेला असेल. निए हा नुसता क्रमांक आणि तिए हे कार्ड, या दोन्हींत गोंधळ करू नकोस. सहा महिन्यांहून जास्त मुक्काम असेल तर देशात आल्यापासून एका महिन्याच्या आत तिएसाठी अर्ज करायचा असतो. पोलिसांकडे बोटांचे ठसे देण्याची वेळ सरकारी संकेतस्थळावर घ्यायची. सप्टेंबरात सगळे परदेशी विद्यार्थी त्याच वेळांवर तुटून पडतात, म्हणून आल्या आल्या रोज बघत राहा आणि मिळालेल्या वेळेची पावती छापून ठेव. सोबत लागतं ते असं : ईएक्स-१७ अर्ज, ७९० कोड ०१२ या चलनाची बँकेत भरलेली पावती, पासपोर्ट आणि त्याच्या प्रती, प्रवेशपत्र, पाद्रोनचा दाखला आणि एक फोटो. फोटो ३२ बाय २६ मिलिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा. आपला पासपोर्टचा फोटो मोठा पडतो, कापला तर चेहरा बसत नाही, तेव्हा इथेच काढ. चलनाचं वेगळंच : काही बँका रोख भरणा सकाळी अकरापर्यंतच घेतात, काही ठरावीक वारीच. ठशांच्या दिवशी सकाळी चलन भरू म्हटलंस तर फसशील, आदल्या आठवड्यात भरून ठेव. विमान फ्रँकफर्ट किंवा पॅरिसवरून असेल तर युरोपात शिरल्याची तपासणी तिथेच होते, म्हणून स्पेनला कधी पोचलास ते दाखवायला माद्रिदपर्यंतचा बोर्डिंग पास जपून ठेव.

नावाचं प्रकरण आपल्या लोकांना हमखास नडतं. इथे प्रत्येकाला दोन आडनावं असतात, म्हणून प्रत्येक अर्जात पहिलं आणि दुसरं आडनाव अशा दोन चौकटी. आपल्या पासपोर्टवर ‘अमोल दत्तात्रय’ नावात आणि आडनाव वेगळं. एखादी बँक दत्तात्रयला पहिलं आडनाव करून टाकते, विद्यापीठ खरं आडनाव घेतं, आणि मग दोन ठिकाणच्या नोंदी जुळत नाहीत म्हणून खातं अडकतं. पासपोर्टवर आहे तस्संच सगळीकडे लिही, दुसऱ्या आडनावाची चौकट रिकामी सोड, आणि कारकुनाने टाइप केलेलं नाव उठायच्या आधी स्क्रीनवर वाच. रांगेत कुणी ‘सेन्योर दत्तात्रय’ अशी हाक मारली तर ती तुलाच आहे, काकांना नाही.

बँकेत खातं पासपोर्टवर ‘अनिवासी’ म्हणून उघडता येतं, तिए आलं की बदलून घ्यायचं. खातं आणि इथला फोन नंबर झाला की ‘बिसुम’ चालू कर. ते आपल्या यूपीआयसारखं, मोबाइल नंबरवर पैसे पाठवायचं. फ्लॅटमधला विजेचा वाटा, कॉफीचे पैसे, सगळं त्यावरच फिरतं.

स्वयंपाकघरावर जरा लांबण लावतो, कारण तुझा कुकर मला माहीत आहे. इथल्या बहुतेक फ्लॅटमध्ये गॅसची शेगडी नसून काळ्या काचेची असते, आणि ती दोन प्रकारची. साधी ‘व्हित्रो’ चालू केली की काचेखाली लाल कडं दिसतं. तिच्यावर ॲल्युमिनियमचा कुकर चालतो, फक्त तळ सपाट हवा, आणि बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते, म्हणून भाताची शेवटची शिट्टी व्हायच्या थोडं आधीच बटण बंद कर. दुसरी इंडक्शनची. तिच्यावर ॲल्युमिनियम ठेवलं तर काहीच होत नाही, नुसती एरर दाखवते. निघण्याआधी तळाला लोहचुंबक लावून बघ, चिकटला तर दोन्हींवर चालेल. तीन लिटरचा, इंडक्शन तळाचा स्टीलचा कुकर आण, आणि सोबत दोन जादा गास्केट आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह. इथल्या कुकरची झडप वेगळी असते, आपल्या मापाचं रबर दुकानात मिळत नाही. फोडणी करताना वरचा एक्झॉस्ट आधी लाव, नाहीतर हिंगाचा वास आतल्या चौकातून चार मजले फिरतो आणि वाळत घातलेल्या चादरींत बसतो.

शेगडी, ओव्हन आणि हीटर एकदम लावलंस तर अंधार होईल. घराने जेवढी वीज मंजूर करून घेतलेली असते, पुष्कळदा ३.४५ किलोवॉट, त्याच्या वर गेलं की मीटरच पुरवठा तोडतो. घाबरायचं नाही. उपकरणं बंद कर, दारापाशी विजेच्या बटणांचा बोर्ड असतो त्यातलं मुख्य बटण खाली कर, काही सेकंदांनी वर. वीज तासागणिक स्वस्त-महाग असते. दर ठरावीक नसेल तर सोमवार ते शुक्रवार १० ते २ आणि संध्याकाळी ६ ते १० सगळ्यात महाग, मध्यरात्र ते सकाळी ८ आणि शनिवार-रविवार पूर्ण दिवस सगळ्यात स्वस्त. कपडे धुणं म्हणूनच शनिवारचं.

किराण्याची काळजी करू नकोस. हा प्रांत कडधान्यांचा आहे. आर्मुन्याची मसूर गावाच्या शेजारीच पिकते, फुएन्तेसाउकोचे हरभरे सामोरा जिल्ह्यातून येतात, आणि दोन्ही कुकरात उत्तम शिजतात. सोललेली लाल मसूर मोठ्या सुपरमार्केटात मिळते, तूरडाळ मात्र नाही. ती, पोहे आणि गोडा मसाला घरून आण किंवा माद्रिदला लाव्हापिएसमधल्या बांगलादेशी दुकानांतून घे. कोथिंबीर आणि हिरवी मिरची लॅटिन अमेरिकन लोकांच्या छोट्या दुकानांत ताजी असते. लाल तिखटाच्या जागी इथली मिरचीची पूड, ‘पिमेन्तोन’, घालू नकोस. व्हेराचं पिमेन्तोन धुरावर वाळवलेलं असतं, आमटीला चुलीचा वास येतो, आणि ‘दुल्से’, म्हणजे गोड, असेल तर तिखटपणा शून्य. पोळीसाठी नुसतं ‘इन्तेग्राल’ पीठ कोंड्यामुळे तुटतं, निम्मं पांढरं पीठ मिसळ.

बाहेर खाताना शाकाहारी माणसाची पंचाईत होते ती ‘कार्ने’, म्हणजे मांस, या शब्दामुळे. ‘कार्ने नको’ म्हटलं तर हॅम आणि टूना त्यात धरत नाहीत. मिश्र सॅलडवर टूना, फरसबीत हॅमचे तुकडे, मसुरीत चोरिसो हे डुकराचं सॉसेज, आणि इथल्या ‘पातातास मेनेआस’ या कुस्करलेल्या बटाट्यांवरही डुकराचं कुरकुरीत मांस. म्हणून सरळ यादीच म्हण : ‘नी कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन, नी आतून’, म्हणजे ना मांस, ना मासे, ना हॅम, ना टूना. अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया, म्हणजे जाड ऑम्लेट, कुठेही मिळते.

वेळा पाळल्यास तर पोट भरेल. दुपारचं जेवण २ ते ४. तेव्हाच ‘मेनू देल दिया’ मिळतो : पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी, साधारण १२ ते १५ युरोंत. साडेचारला गेलास तर स्वयंपाकघर बंद, ते रात्री साडेआठ-नऊलाच उघडतं. छोटी दुकानं दुपारी २ ते ५ बंद, रविवारी तर सुपरमार्केटही बहुतेक बंदच, म्हणून दूध-अंडी शनिवारी संध्याकाळी आणून ठेव. मंडईत, म्हणजे प्लासा मायोर या मुख्य चौकाच्या शेजारच्या मेर्कादो सेन्त्रालमध्ये, लोक रांगेत उभे दिसत नाहीत, पण रांग असते. आल्यावर मोठ्याने ‘किएन एस एल उल्तिमो?’ (शेवटचं कोण?) विचारायचं, जो हात वर करेल त्याच्यानंतर आपण. न विचारता पुढे गेलास तर आजीबाई सोडणार नाहीत.

अभ्यासाबद्दल थोडंच. एक क्रेडिट म्हणजे तुझे किमान २५ तास धरलेले असतात, तासिका त्यातला लहानसा भाग. गुण १० पैकी, ५ ला पास, ७ ला ‘नोताब्ले’, ९ ला ‘सोब्रेसालियेन्ते’. प्रत्येक विषयाचं ‘गिया दोसेन्ते’ नावाचं पत्रक पहिल्याच आठवड्यात नीट वाच. पुष्कळ विषयांत अंतिम परीक्षेत किमान ४ नसतील तर वर्षभराचे प्रकल्पांचे गुण धरतच नाहीत, आणि बहुपर्यायी प्रश्नांना चुकीसाठी गुण कापतात. प्राध्यापकांना ‘सर’ नाही, पहिल्या नावाने आणि अरे-तुरेच्या ‘तू’नेच बोलायचं. जड जाईल, पण ‘सर, सर’ केलंस तर त्यांनाच अवघडल्यासारखं होतं.

विमा ‘सिन कोपागो’, म्हणजे उपचाराच्या खर्चात आपला वाटा भरावा न लागणारा, असल्याची खात्री कर, नाहीतर व्हिसातच अडेल. विम्याच्या यादीतल्याच दवाखान्यात जायचं, अगदीच आणीबाणी असली तर ११२. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय देत नाहीत. चष्म्याची जादा जोडी आण.

पदवीच्या प्रमाणपत्रावर अपोस्टिल, म्हणजे ते परदेशात ग्राह्य धरलं जावं म्हणून मारायचा शिक्का, करून घेतलं नसशील तर या आठवड्यातच सुरू कर. आधी राज्याचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालय, आणि भाषांतर अधिकृत ‘त्रादुक्तोर हुरादो’कडूनच. शिक्का मारल्यानंतर भाषांतर करायचं, आधी नाही, कारण शिक्क्याचंही भाषांतर लागतं.

माद्रिदच्या बाराखास विमानतळाहून सालामांकाची थेट बस आहे, अडीच-तीन तास लागतात. तिकीट आधी काढायचं तर विमान उतरण्याच्या वेळेनंतर निदान दोन तासांचं काढ. तारीख पक्की झाली की कळव, बस स्टँडवर येतो. काका-काकूंना नमस्कार सांग, आणि काकूंनी दिला तर गोडा मसाला अर्धा किलो जास्त आण.

तुझा,
निखिल