दिवाळीच्या सुटीत तार्नची घळ? जपून

संपादक महोदय,

पॅरिसला जोडून दक्षिण फ्रान्समधील सेवेन पर्वत आणि तार्न नदीची घळ पाहण्याचा बेत गोव्यातील कोणी दिवाळीच्या सुटीत आखत असेल, तर त्यांनी आधी तिथला पाऊस समजून घ्यावा. आपल्या सत्तरी तालुक्यात अरबी समुद्राचे वारे सह्याद्रीला थडकतात, तसेच तिथे भूमध्य समुद्राचे दमट वारे सेवेनला थडकतात; पण जूनमध्ये नव्हे, सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये. महिन्याचा पाऊस एका दिवसात कोसळतो आणि नदी काही तासांत फुगते. गाडी वा तंबू नदीकाठच्या सखल जागेत ठेवूच नये. मे-जून उत्तम.

घळीतल्या सेंत-एनिमी गावाहून कयाक (वल्ह्याची छोटी होडी) घेतल्यास पुढचे ला मालेन गाव ओलांडून पा-द-सूसी या जागेच्या आधी काठाला लागावेच लागते. तिथे कोसळलेल्या प्रचंड शिळांखाली नदी अक्षरशः गडप होते. मुक्कामाच्या गावात दुकाने दुपारी बंद असतात हे ध्यानात ठेवून पाव-पाणी सकाळीच घ्यावे.

तिथल्या लांब पल्ल्याच्या पायवाटांवरच्या खुणा मात्र आपण उचलण्यासारख्या आहेत. झाडावर वा दगडावर वर पांढरा, खाली लाल पट्टा म्हणजे वाट बरोबर. याच रंगांची फुली म्हणजे चुकलात, मागे फिरा. खर्च रंगाच्या डब्याचा. आपल्याकडे सुर्ला, चोर्ला परिसरात धुके उतरले की फाट्यावर माणसे चुकतात. वनखात्याने पावसाळ्याआधी निदान फाटे तरी असे रंगवावेत.

— डोंगरवाटांचे काही वाटसरू, वाळपई