कोयनेचे दरवाजे

सांगली,
१८ ऑगस्ट

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

कोयना धरण भरत आल्याचा तुझ्या पत्रातला आनंद वाचून बरे वाटले. आमच्या घरी मात्र तीच बातमी निराळ्या सुरात वाचली गेली. दरवाजे किती फूट उचलले हा आमचा पहिला प्रश्न आणि इथल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती हा दुसरा. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे आकडे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर चढले आणि तेव्हापासून धरण शंभर टक्के भरल्याची बातमी आली की आमच्या गल्लीत लोक खालच्या मजल्यावरचे सामान माळ्यावर टाकू लागतात.

तू आटपाडीचा. तुझ्या लेखी कोयनेतले १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी म्हणजे उन्हाळ्यात वाहती कृष्णा, तिचे पाणी उचलणाऱ्या टेंभू उपसा सिंचन योजनेचे चालू राहणारे पंप आणि टँकरविना जगणारी डाळिंबाची बाग. जिल्हा एकच, नदीही एकच. पण तुला टंचाईने शहाणे केले आणि मला पुराने.

वसतिगृहातला आपला पाटणकडचा मित्र तुला आठवतच असेल. त्याच्या आईने ११ डिसेंबर १९६७ ची ती भूकंपाची पहाट पाहिली होती, त्यामुळे धरणाची पातळी वाढली की ती माउली आधी भिंतीचे तडे तपासून येई, आणि आपण तिला हसत असू. जलाशयाच्या भाराचा आणि त्या धक्क्यांचा संबंध भूशास्त्रज्ञ पुढे कितीतरी वर्षे अभ्यासत राहिले. घाटाखालच्या चिपळूणकरांना तर या दरवाजांशी कर्तव्यच नाही, कारण त्यांतले पाणी पूर्वेला कराडकडे जाते. त्यांची नजर असते ती वीज तयार करून वाशिष्ठीत उतरणाऱ्या पाण्यावर. (खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विषय मुद्दाम टाळतो, नाहीतर हे पत्र संपायचे नाही.)

मात्र ज्याचे त्याचे खरे असे म्हणून हा प्रश्न सोडून देणे मला पटत नाही, कारण जुलैअखेर धरणात किती जागा मोकळी ठेवायची याचा आकडा कोणाला तरी ठरवावाच लागतो. मोकळी जागा तुला वाया घालवलेले पाणी वाटते. मला ती पुढच्या मुसळधार पावसासाठी राखलेली सोय वाटते. ऑगस्टच्या मध्यापर्यंत थोडी जागा राखून नंतर धरण भरून घ्यावे, असे माझे मत आहे. सप्टेंबरात पाऊस रुसला तर त्याची झळ तुम्हालाच बसेल, हेही मी जाणतो. म्हणूनच तशा वर्षी टेंभूच्या पाण्याच्या आवर्तनाला कात्री लावू नये, अशी अटही त्यासोबत हवी.

तू पाठवलेल्या निवेदनात फक्त धरण लवकर भरण्याची मागणी आहे. तेवढ्यावर मी सही करणार नाही. वरील दोन्ही मुद्दे घालून नवा मसुदा पाठव. आमच्या पूरपट्ट्यातल्या सह्या गोळा करण्याचे काम माझ्याकडे लागले.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश