रविवारची भिगवण फेरी : निघण्यापूर्वी वाचावे

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी पहाटे ४ वाजता नेहमीच्या थांब्यावरून बस सुटेल. पक्षी पाहण्यासाठी उजाडताना कुंभारगावला होडीत बसायचे आहे, त्यामुळे कुणासाठीही थांबता येणार नाही.

या वेळी एक विनंती जरा कळकळीने. मुळा-मुठा आणि पवनेतून पुणे, पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी भीमेत आणि पुढे उजनी धरणाच्या जलाशयात, म्हणजे आपण जातो त्या भिगवणच्या पाण्यात येते. सांडपाण्यात आपण घेतलेल्या अँटिबायोटिकचे अंश असतात, त्या औषधांना दाद न देणारे जिवाणूही असतात. ते पक्ष्यांच्या आतड्यात शिरतात आणि विष्ठेवाटे पुढच्या पाणवठ्यावर पोचू शकतात. आर्क्टिकमधल्या पक्ष्यांतही औषधांना दाद न देणारे ई. कोलाय (आतड्यात राहणारे जिवाणू) सापडल्याचे २००८ साली प्रसिद्ध झाले. यात पक्ष्यांचा काही दोष नाही, घाण आपली आहे. म्हणून त्यांना हुसकावण्याची भाषा कुणी करू नये.

पाळायचे ते असे :

• पिसे उचलू नका. मागच्या खेपेला एका चिमुरडीने रोहित पक्ष्याचे (फ्लेमिंगोचे) गुलाबी पीस वेणीत खोचले आणि त्याच हाताने पुरी खाल्ली. पालकांनी लक्ष ठेवावे.
• कुरव पक्ष्यांना (सीगलना) शेव-फरसाण टाकायचे नाही.
• होडीतून उतरल्यावर साबणाने हात धुऊनच नाश्ता. साबण आणि पाण्याचा कॅन बसमध्ये असेल.
• बुटांचा चिखल तिथेच खरवडा.
• आजारी किंवा मेलेला पक्षी दिसल्यास हात न लावता वनविभागाला १९२६ वर कळवा.

घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या बेसिनमध्ये किंवा संडासात टाकू नका.

नावे शुक्रवारी रात्रीपर्यंत द्यावीत.