बोअर मारता, मग दगडाची नोंद का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीने या उन्हाळ्यात दुसरी बोअर मारली, साडेपाचशे फूट. सकाळी मी रिगवाल्याला विचारलं, दगड कुठे बदलला, पाणी किती फुटांवर लागलं? तो म्हणाला, "काका, पाणी लागलं ना, मग झालं." त्याच्या कागदावर फक्त एकूण फूट होते, कारण पैसे तेवढ्याचेच.

माझी नोकरी गुजरातेत, खंभातच्या खोऱ्यातल्या तेलविहिरींवर झाली. विहिरीतून येणारं पाणी तपासणं हे माझं काम. अशा खोऱ्यात वाळू आणि चिकणमातीचे थर हजारो मीटर साचलेले असतात. वरच्या ओझ्याने चिकणमाती दबते, तिच्यातलं पाणी पिळून शेजारच्या वाळूच्या दगडात शिरतं आणि तिथून अतिशय सावकाश सरकतं. वाटेत ते खनिजांशी देवाणघेवाण करत राहतं. पावसाचं कॅल्शियम-बायकार्बोनेटचं गोडं पाणी खोल जाता जाता सोडियम-क्लोराइडचं होतं. काही खोऱ्यांत तर समुद्राच्या कितीतरी पट खारं. म्हणूनच क्षारांवरून पाणी कोणत्या थरातलं, हे आम्हाला ताडता येई. पण थरांची नोंद आधी हवी. ती ठेवल्याशिवाय तिथे खोदकाम पुढे जात नसे.

पुण्याखाली असं खोरं नाही. इथे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण आहे. पाणी राहतं ते मुरमात, सच्छिद्र थरांत आणि भेगांत. अखंड कातळात जवळजवळ नाहीच. साधारणपणे खोल जावं तशा भेगा कमी होतात, आणि जे पाणी सापडतं ते बहुधा दगडात जास्त काळ मुरलेलं असतं. खाली पाताळगंगा वाहते आहे, असं समजून आपण खोदत सुटतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आणखी एक धोका. केसिंग, म्हणजे भोकात बसवलेला पाइप, वरच्या थोड्याच फुटांना असतं. त्याखालचं उघडं भोक वेगवेगळे थर एकमेकांना जोडतं. वरच्या भेगांत सांडपाणी मुरत असेल, तर त्यातलं नायट्रेट थेट खाली उतरतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे आणि तिच्यात सवलत नाही. चवीने ते कळत नाही.

महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटरपलीकडच्या विहिरीला 'खोल विहीर' म्हटलं आहे. आमची जवळपास तिप्पट खोल. निदान अशा प्रत्येक बोअरच्या वेळी दर दहा फुटांना दगडाचा चुरा पिशवीत भरावा, पाणी लागलेला फूट लिहावा, पाणी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासावं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच आहे. नोंदीची एक प्रत तिथे द्यावी. बोअरच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे.

आमच्या बोअरची संधी गेली. शेजारच्या इमारतीत पुढच्या आठवड्यात रिग येणार आहे. मी पिशव्या आणि वही घेऊन तिथे थांबणार आहे. त्यांनी होकार दिला आहे.

आपला,
एक निवृत्त रसायनतज्ज्ञ, कोथरूड, पुणे