दूझेचे हात

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मूकपटांच्या काळातल्या इटालियन नट्यांवर लेख आला होता. या विषयावर मराठीत फार कमी छापून येतं, त्यामुळे मी तो दोनदा वाचला. लिडा बोरेल्लीबद्दल, फ्रांचेस्का बेर्तिनीबद्दल लेखकाने आपुलकीने लिहिलं आहे. रंगभूमीवरची थोर इटालियन नटी एलेओनोरा दूझे हिच्या वाट्याला मात्र जेमतेम चार ओळी आल्या आणि त्यात एक वाक्य असं आहे: ‘१९१६ मध्ये सिनेमात अपयश आल्यावर दूझे पुन्हा आपल्या रंगभूमीकडे वळली.’ लेखाच्या शेवटी, त्या काळी आवाज नसल्यामुळे सगळ्याच नट्यांना ‘अतिरंजित हातवारे’ करावे लागत, असंही म्हटलं आहे. या दोन्ही विधानांबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवेना.

पहिली चूक साध्या तारखांची आहे. १९१६ साली दूझेला परतण्यासाठी रंगभूमी उरलेलीच नव्हती. तिने १९०९ मध्येच काम थांबवलं होतं. फुप्फुसं साथ देत नव्हती आणि वय पन्नाशीला आलं होतं. ती रंगमंचावर पुन्हा उभी राहिली ती १९२१ च्या मे महिन्यात, तूरिनमध्ये, इब्सेनच्या ‘समुद्रावरची बाई’ या नाटकात. म्हणजे सिनेमा आणि पुनरागमन यांच्यात जवळजवळ पाच वर्षांचं अंतर आहे, आणि त्या पाच वर्षांत पहिलं महायुद्ध शेवटाला गेलं. त्या युद्धात तिची बर्लिनमध्ये ठेवलेली आयुष्यभराची पुंजी बुडाली. बासष्टाव्या वर्षी, दमेकऱ्यासारखी धाप लागत असताना बाई उभी राहिली त्यात पोटाचा प्रश्नही होता. सिनेमात हरली म्हणून नाटकात गेली, असं एका वाक्यात लिहिलं की हे सगळंच पुसलं जातं.

दुसऱ्या विधानाबद्दल मला जास्त बोलायचं आहे. त्यासाठी आधी स्वतःची ओळख देते. मी नाटकातली नाही, सिनेमातलीही नाही. मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. ‘हातवारे’ हा शब्द कुणी हलक्या अर्थाने वापरला की मला लागतं, कारण माझ्या मुलांची सगळी भाषा या एका शब्दात उडवून लावलेली मी वर्षानुवर्षं ऐकली आहे. मूकपट मी पाहू लागले तेही त्यांच्यामुळेच. बोलपट लावला की वर्गातली मुलं माझ्या तोंडाकडे बघायची. मूकपट लावला की पडद्याकडे बघायची, आणि न कळलेलं विचारायला मीच त्यांच्याकडे वळायची.

दूझेने आयुष्यात एकच चित्रपट केला, ‘चेनेरे’, म्हणजे ‘राख’. तूरिनच्या आंब्रोझिओ कंपनीने तो काढला. कथा ग्रात्सिया देलेद्दाच्या १९०४ च्या कादंबरीवरून घेतली आहे. याच देलेद्दाला पुढे १९२६ चं नोबेल मिळालं. दिग्दर्शन फेबो मारीचं आणि मुलाची भूमिकाही त्याचीच. सार्डिनिया बेटावरची रोझालिया नावाची एक गरीब मुलगी, लग्नावाचून झालेलं तिचं मूल, ते बापाच्या घरी सोडून देताना त्याच्या गळ्यात बांधलेला ताईत, आणि वर्षांनंतर आईला शोधत आलेला तरणाताठा मुलगा, एवढीच गोष्ट. आज तो पाहायला मिळतो तो अर्ध्या-पाऊण तासाचा आहे. दूझेला अभिनय करताना हलत्या चित्रात पाहायचं तर जगात एवढंच शिल्लक आहे.

मी तो माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीबरोबर पाहिला. ती आता स्वतः दोन मुलांची आई आहे. मधल्या पाट्या इटालियनमधल्या, त्यामुळे तिला त्यांचा काही उपयोग नव्हता आणि मलाही फारसा नव्हता. आदल्या आठवड्यात आम्ही दोघींनी लिडा बोरेल्लीचा १९१३ चा पहिला चित्रपट पाहिला होता. तेव्हा मान मागे टाकून हात केसांतून फिरवणाऱ्या बोरेल्लीकडे बोट दाखवून ती म्हणाली होती, ‘ही गाते.’ आता ‘चेनेरे’ पाहता पाहता तिने माझा दंड धरला आणि खूण केली, ‘ही हळू बोलते.’

एकतीस वर्षांत मला जे नीट सांगता आलं नव्हतं ते तिने दोन खुणांत सांगितलं. खुणांच्या भाषेतही कुजबुज असते, आरडाओरडा असतो, गाणंही असतं. तेव्हा मूकपटातल्या सगळ्या बायकांना एकाच आवाजात बोलायला लावू नका, एवढीच माझी विनंती आहे.

बोरेल्लीला मी कमी लेखत नाही. तीही नाटकातूनच आली होती. विर्जिलिओ ताल्लीच्या नामांकित मंडळीत तिची तयारी झाली, ऑस्कर वाइल्डची सालोमे तिने रंगमंचावर गाजवली, आणि मग ‘मा लामोर मिओ नॉन मुओरे’ या पहिल्याच चित्रपटाने तिला अशी काही उंची दिली की तिच्यासारखं चालण्या-बघण्यासाठी इटालियन भाषेत ‘बोरेल्लेज्जारे’ असं क्रियापद तयार झालं. कॅमेरा तेव्हा एका जागी खिळलेला असे. एकेक दृश्य लांबलचक चाले, आणि नटी डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत दिसे. अशा चौकटीत चेहऱ्याने बोलून भागत नाही. पाठ, कंबर, मनगट सगळ्यांनी बोलावं लागतं, आणि बोरेल्ली तसं बोलली. पुढे मार्क्सवादी विचारवंत म्हणून गाजलेल्या अंतोनिओ ग्राम्शीने १९१७ मध्ये ‘अवांती!’ या वर्तमानपत्रात तिच्यावर कडक टीका केली. स्वतःखेरीज दुसरं कुणी तिला उभंच करता येत नाही, असा त्याचा सूर होता. मला ते पटत नाही, पण त्याला नक्की काय खुपत होतं ते समजतं. १९१८ मध्ये व्हित्तोरिओ चिनी या उद्योगपतीशी लग्न करून तिने हे सगळं सोडलं. पडद्यावरची जेमतेम पाच वर्षं. बोलोन्यात वृद्ध कलावंतांसाठी असलेल्या निवासाला तिचं नाव आहे, ते आजही आहे.

दूझेची वाट पहिल्यापासून वेगळी होती. १८५८ साली व्हिजेव्हानो गावी ती जन्मली ती फिरत्या नाटकमंडळीतच. आजोबा लुइजी दूझे हे गाजलेले विनोदी नट, पण नातीच्या वेळेपर्यंत घराण्याची रया गेली होती. चार वर्षांची असताना तिला ‘ले मिझराब्ल’मधली कोझेत म्हणून उभं केलं. चौदाव्या वर्षी, ज्युलिएटच्याच व्हेरोनात, ती हातात गुलाब घेऊन ज्युलिएट झाली. १८७९ मध्ये नेपल्सला ‘तेरेझ राकाँ’ने तिचं नाव झालं, १८८४ मध्ये तूरिनला व्हेर्गाच्या ‘काव्हाल्लेरिया रुस्तिकाना’त तिने सांतुत्सा केली. पुढे दक्षिण अमेरिका, रशिया, व्हिएन्ना, न्यूयॉर्क, लंडन. आणि सगळीकडे एकच नवल, की ही बाई रंगभूषा जवळजवळ करतच नाही.

लंडनचा १८९५ चा प्रसंग मी वारंवार आठवते. फ्रेंच नटी सारा बर्नहार्ट आणि दूझे एकाच मोसमात तिथे होत्या आणि दोघींनीही जर्मन नाटककार सूदरमानच्या नाटकातली नायिका माग्दा केली. तेव्हा नाट्यसमीक्षा लिहिणारा बर्नार्ड शॉ दोन्ही प्रयोगांना होता. दूझेच्या माग्दासमोर अनेक वर्षांनी तिच्या मुलाचा बाप येऊन उभा राहतो. नमस्कार-चमत्कार होतात, बोलणं सुरू होतं, आणि शॉला दिसलं की तिचा चेहरा लाल होत चालला आहे. तिला ते जाणवलं. तिने तोंड वळवून पाहिलं, लाली पसरतच गेली, शेवटी तिने चेहरा हातांत लपवला. शॉने लिहिलं, हिच्या चेहऱ्यावर रंगाचा थर का नसतो ते आता कळलं.

चेहरा लपवणारे हे हात एकवीस वर्षांनी ‘चेनेरे’त पुन्हा येतात. मधल्या काळात त्या हातांचं आणखी एक नाटक झालं. तिचा प्रियकर कवी गाब्रिएले दान्नुन्त्सिओ याने ‘ला जोकोंदा’ हे नाटक ‘सुंदर हातांच्या एलेओनोरा दूझेला’ अर्पण केलं. त्याच नाटकात नायिका सिल्व्हिया नवऱ्याने घडवलेला पुतळा कोसळू नये म्हणून धावते आणि तिचे दोन्ही हात चिरडतात. १८९९ पासून दूझे ही भूमिका करत होती. शेवटच्या अंकात लांब बाह्यांत हात नाहीसे केलेली, लेकीला जवळ घेऊ न शकणारी आई! ज्या हातांचं कौतुक केलं तेच हात त्याने तिच्याकडून काढून घेतले. हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिले होते.

इथे थोडं विषयांतर करते, पण ते मला दूरचं वाटत नाही. १८८० च्या सप्टेंबरात इटलीतच, मिलान शहरात, बधिरांच्या शिक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिने ठराव केला की शाळांत खुणा नकोत, मुलांनी ओठ वाचावेत आणि तोंडानेच बोलावं. तो ठराव जगभर फिरला आणि शंभर वर्षांनी माझ्यासारखीच्या वर्गातही पोचला. नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत ‘हात खाली’ हे वाक्य मी रोज उच्चारलं आहे. त्याचं दुःख मला आजही आहे. त्या सप्टेंबरात दूझे एकवीस वर्षांची होती, नेपल्समधल्या यशाला जेमतेम वर्ष झालं होतं. ज्या देशात मुलांचे हात बांधायचं ठरलं त्याच देशात ही मुलगी हातांनी बोलायला शिकत होती. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, मला माहीत आहे. तरी मला त्या वेगळ्या करता येत नाहीत.

पुन्हा ‘चेनेरे’कडे येते. चित्रीकरणाच्या वेळी दूझे सत्तावन्न वर्षांची होती. केस पांढरे, सुरकुत्या जशाच्या तशा. कॅमेरा फार जवळ आणू नका, मला सावलीत राहू द्या, असं ती फेबो मारीला विनवत होती. अनेक लेखक याला म्हाताऱ्या नटीची भीती म्हणतात. मला त्यात दुसरं काही दिसतं. कॅमेऱ्याला सगळं दिसतं, म्हणून त्याला सगळं दाखवायचं नसतं, हे तिला पहिल्या चित्रपटातच उमगलं होतं. रोझालिया बराच वेळ पाठमोरी आहे किंवा अर्धी वळलेली. डोक्यावरून घेतलेलं काळं वस्त्र, त्यातून बाहेर आलेला एक हात. तो हात काही मागत नाही, काही दाखवत नाही. पोटचं पोर परत आलं आहे आणि आपण त्याच्या वाटेत येणार आहोत, हे त्या बाईला कळलंय ते तिच्या खांद्यावरून समजतं. माझी विद्यार्थिनी या जागी रडली. पाटी तिने वाचली नव्हती.

चित्रपट चालला नाही, हे खरं. १९१६ मध्ये युद्ध ऐन भरात होतं आणि लोकांना पडद्यावर बोरेल्ली, बेर्तिनी, मेनिकेल्ली यांचे रेशमी झगे पाहायचे होते, एका थकलेल्या खेडवळ आईला पाहायला कोण येणार? पण तिकीट न खपणं हे अभिनयाचं अपयश कसं? दूझेने सिनेमाचा नाद सोडला तो त्याला तुच्छ लेखून नव्हे. या नव्या कलेबद्दल ती शेवटपर्यंत कुतूहलाने बोलत, लिहीत राहिली. आपण फार उशिरा आलो, ही तिची खंत होती.

पुढचं थोडक्यात. १९२३ च्या जुलैत अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने तिला मुखपृष्ठावर घेतलं. त्या मुखपृष्ठावर आलेली ती पहिली स्त्री. ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरा हाउसमध्ये तिचा प्रयोग झाला. १९२४ च्या एप्रिलमध्ये पिट्सबर्गला ती पावसात भिजली, न्यूमोनिया झाला, आणि २१ तारखेला हॉटेलच्या खोलीतच गेली. तिथला तिचा शेवटचा प्रयोग ‘बंद दार’ नावाच्या नाटकाचा होता, आणि त्यातही ती पोराला मुकलेली आईच होती. तिच्या इच्छेप्रमाणे तिला उत्तर इटलीतल्या आझोलोला पुरलं.

आपण पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी: दूझे १९०९ मध्ये निवृत्त झाली, १९१६ मध्ये तिने ‘चेनेरे’ केला आणि १९२१ मध्ये ती रंगभूमीवर परतली. सोबत छायाचित्र देणार असाल तर मागच्या वेळी छापलं तसं तरुणपणीचं, फुलं माळलेलं देऊ नका. ‘चेनेरे’तलं द्या, पांढऱ्या केसांचं. मात्र जागा वाचवण्यासाठी ते गळ्याशी कापू नका. हात दिसू द्या.

आपली नम्र,
कर्णबधिर शाळेतील एक निवृत्त शिक्षिका