चार वाजता परत येणाऱ्या ताईंना

समन्वयक ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमची गाडी निघाली तेव्हा तिसऱ्या ओळीतल्या बायका चर उपसत होत्या. हात कोपरापर्यंत चिखलात, त्यामुळे धड निरोपही देता आला नाही. म्हणून हे पत्र, आणि ते सगळ्यांसमोर लिहितो आहोत. गोळीबाराने आणि पुराने बेघर झालेल्यांच्या आमच्या छावणीत तंबू दिसतात, पाण्याची टाकी दिसते, शिध्याची पोती दिसतात. या सगळ्याची सांगड घालणारं माणूस कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. ते नसलं की काय होतं, ते मात्र तुम्ही येण्याआधी आम्ही भरपूर भोगलं.

तेव्हा दारातच पहिला प्रश्न यायचा : "तुम्ही गोळीबारातले की पुरातले?" दोन टेबलं, दोन याद्या, दोन रंगांची कार्डं. ही विभागणी कुठून येते ते तुम्हीच पुढे समजावून सांगितलंत. 2005 पासून जगभरच्या मदतकार्यात कामं वाटून दिलेली आहेत. संघर्षामुळे बेघर झालेल्यांच्या निवाऱ्याची आणि छावण्यांची धुरा संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेकडे असते. नैसर्गिक आपत्तीत निवाऱ्याचं समन्वयन त्या वाटणीत रेडक्रॉस-रेडक्रेसंट महासंघाकडे दिलं होतं, छावण्यांचं आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेकडे. कोण उत्तर देणार हे ठरलेलं असावं म्हणून केलेली ही सोय आहे आणि ती चांगलीच आहे. पण जे कुटुंब आधी गोळीबारातून पळालं, नदीकाठी झोपडं बांधून राहिलं आणि पुढच्या पावसात तिथूनही वाहून निघालं, त्याने कोणत्या टेबलासमोर उभं राहायचं? तुमच्याआधी छावणी चालवणाऱ्या लोकांनी अशा घरांना या टेबलावरून त्या टेबलावर दिवस दिवस फिरवलं. कार्ड नाही म्हणून ताडपत्री नाही, ताडपत्री नाही म्हणून ओलं बाळ मांडीवर घेऊन उघड्यावर रात्र. ते आठवलं की आजही घशात अडकतं.

तुम्ही पहिल्याच सकाळी ती दोन टेबलं स्वतः ओढून एकमेकांना लावलीत. नवा कागद केलात. घरात किती माणसं, कोण आजारी, कोण गरोदर, कोण एकटं, कोणाला चालता येत नाही आणि काल रात्री कुठे झोपलात, एवढंच त्यावर विचारलं होतं. कुठून पळालात हा रकाना शेवटी, तोही ज्या त्या संस्थेच्या हिशेबापुरता. नवरा बेपत्ता असलेल्या बायकांची नोंद दीर-भावांच्या नावाखाली न ढकलता स्वतंत्र कुटुंबप्रमुख म्हणून केलीत. त्या एका नोंदीमुळे त्यांचं सामान पहिल्यांदा त्यांच्याच हातात आलं.

पण ताई, आम्ही आयुष्यभर लक्षात ठेवू ती गोष्ट याहून खूप लहान आहे.

ताडपत्र्यांची गाडी यायची होती तो दिवस. सकाळी तुम्ही फळ्यापाशी उभ्या राहून म्हणालात, "नक्की काय ते चार वाजता येऊन सांगते." असं सांगून गेलेली माणसं परत येत नाहीत, याची आम्हाला सवय होती. पाऊस सुरू होता. बरोबर चार वाजता तुम्ही आलात, गुडघ्यापर्यंतचे बूट, डोक्यावर प्लास्टिकचा तुकडा, हात रिकामे. म्हणालात, "ताडपत्र्या आलेल्या नाहीत. गाडी नदीपलीकडे अडकली आहे. उद्या पूल सुरू होईल का, ते मला माहीत नाही. उद्या चार वाजता पुन्हा येते." मग फळ्याचा कोपरा पदराने कोरडा केलात आणि खडूने लिहिलंत : तारीख, वेळ, "ताडपत्र्या : आल्या नाहीत."

दुसऱ्या दिवशीही चार वाजता तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

हातात द्यायला काही नसताना माणसांसमोर येऊन उभं राहणं किती जड असतं, हे छावणीत काम केलेल्यालाच कळेल. आणि त्याचा उपयोग काय झाला तोही सांगायला हवा, कारण याला कोणी नुसता चांगुलपणा समजू नये. खबर नसली की माणसं पहाटेपासून फाटकाशी बसतात. म्हातारे बसतात, पोरं बसतात, बाळंतीण बसते, कारण उठलं तर नंबर जाईल. पाणी भरायचं राहतं, अंथरूण वाळवायचं राहतं, आजाऱ्याला दवाखान्याच्या तंबूत न्यायचं राहतं. दुपारपर्यंत कुणीतरी म्हणतं की जुन्या छावणीवाल्यांना, म्हणजे आधीपासून इथे राहणाऱ्यांना, मागच्या दाराने वाटलं. संध्याकाळी ढकलाढकली. आधीच्या लोकांच्या काळात हेच झालं होतं आणि दोन्हीकडची डोकी फुटली होती. चार वाजताची वेळ पक्की झाली तशी माणसं फाटकावरून उठली. तीन दिवस पावसात ताडपत्र्या नव्हत्या, तरी एकही भांडण झालं नाही.

चौथ्या दिवशी गाडी आली आणि माल मोजून कमी निघाला. आधीच्यांनी लगेच वाटायला घेतलं असतं, शेवटच्या शंभर माणसांसमोर गाडी रिकामी झाली असती आणि दगड उडाले असते. तुम्ही गाडीची मागची फळी उघडूच दिली नाहीत. आधी क्रम ठरवला, तोही सर्वांसमोर : ज्यांच्या तंबूत पाणी उभं आहे ते पहिले, मग तान्ही बाळं आणि अपंग माणसं असलेली घरं, मग बाकीचे. नावं मोठ्याने वाचून दाखवलीत, कोणाला काय आणि किती मिळणार ते फळ्यावर लिहिलंत, ओळीप्रमाणे वेगवेगळ्या वेळा दिल्यात. तक्रारीसाठी वेगळं टेबल लावलंत आणि वाटप करणारं माणूस त्यावर बसवलं नाहीत.

आणि दोर! आधीच्या लोकांनी आम्हाला ताडपत्र्या दिल्या होत्या, पण दोर दिला नव्हता. बल्ल्या नाहीत, खिळे नाहीत, नुसती निळी प्लास्टिकची घडी. फोटो झाले, गाडी गेली. पहिल्या वाऱ्यात निम्म्या ताडपत्र्या कडांच्या भोकांपाशी फाटल्या. तुम्ही दोर, बल्ल्या आणि अवजारं बरोबर आल्याशिवाय वाटप पूर्ण झालं असं म्हणूच दिलं नाहीत. शिवाय एक तंबू सर्वांसमोर उभारून दाखवलात. ते शिकलेलं इथे लिहून ठेवतो, दुसऱ्या कुठल्या छावणीला उपयोग होईल.

ताडपत्री नेहमीच्या मापाची, 4 बाय 6 मीटर. माणशी किमान 3.5 चौरस मीटर छताखालची जागा लागते, म्हणजे पाच जणांच्या घराला 17.5. ताडपत्री 24 चौरस मीटर दिसते खरी, पण कडा दुमडून, उतार देऊन, बाजू झाकून एकीत भागत नाही, दोन लागतात. खिळा ताडपत्रीत थेट ठोकायचा नाही. कड काठीभोवती दोन वेढे गुंडाळायची आणि काठी चौकटीला बांधायची, म्हणजे ताण एका भोकावर न येता सगळ्या कडेवर पसरतो. छत सपाट ठेवलं की मधे पाण्याचा फुगा साठतो आणि त्याच्या वजनाने आढं मोडतं. म्हणून आढं उंच आणि दोन्हीकडे चांगला उतार. आतली जमीन माती चोपून निदान वीतभर वर घ्यायची. छताचं पाणी जिथे गळतं तिथेच वीतभर खोल चर खणायचा, आणि तो चर ओळीच्या मोठ्या चराला मिळालाच पाहिजे. हे शेवटचं सर्वांत जास्त विसरलं जातं. तंबूभोवती चर खणून तो तसाच सोडला, तर पाणी कुठेच जात नाही, डबकं होतं आणि आठवड्यात डास.

तुम्ही जागा पाहायला फिरायचात ते पाऊस चालू असताना. कोरड्या दिवशी सगळीच जमीन चांगली दिसते, असं म्हणायचात. हातात काठी आणि सुतळी घेऊन पाणी कुठून येतं आणि कुठे थांबतं ते पाहायचं, तिथे खुंटी ठोकायची. छावणीच्या जमिनीला 1 ते 5 टक्के उतार हवा. त्याहून कमी असला तर पाणी साचतं, जास्त असला तर माती धुपते. माणशी 45 चौरस मीटर जागा धरायची, त्यात रस्ते, चर, नळ, शौचालयं, स्वयंपाकाच्या जागा, सगळं आलं. म्हणजे दोन हजार माणसांना नऊ हेक्टर. एवढी आमच्याकडे कधीच नव्हती. तरीही तंबूंमधलं दोन मीटरचं अंतर तुम्ही कमी करू दिलं नाहीत, कितीही गयावया केली तरी. चुलीची ठिणगी कुठवर जाते ते तुम्हाला ठाऊक होतं.

जागा बदलून द्या, उंचावर न्या, असं बाहेरून सांगणारे पुष्कळ असतात. संघर्षातून पळालेल्यांना जागा निवडता येत नाही, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. दक्षिण सुदानमधल्या बेंतिऊचं उदाहरण तुम्ही द्यायचात. डिसेंबर 2013 मध्ये युद्ध पेटलं तशी माणसं संयुक्त राष्ट्रांच्या तळाच्या आश्रयाला गेली, कारण जीव वाचेल अशी तीच जागा होती. ती सखल निघाली. 2014 च्या पावसात लोक गुडघाभर पाण्यात राहिले, कारण कुंपणाबाहेर बंदुका होत्या. नंतर तिथे बांध आणि चर घालून छावणी नव्याने आखावी लागली. 2021 पासूनच्या महापुरात तर सगळा परिसरच पाण्याखाली गेला आणि छावणी मातीच्या बांधांच्या आत तगून राहिली. "बांध ही तिथली भिंत आहे आणि छप्परही," असं तुम्ही म्हणालात आणि त्याच दिवसापासून आमच्याकडे बांधाची रात्रपाळी लावलीत. उंदराचं बीळ दिसलं की लगेच भरायचं, पोती अर्धी ते दोन तृतीयांशच भरायची. गच्च भरलेलं पोतं दगडासारखं बसतं आणि मधल्या फटींतून पाणी येतं.

शौचालयांबद्दल लिहायला लाज वाटत नाही, कारण तुम्ही आमची ती लाज घालवलीत. आधीच्या लोकांनी खड्डे खणले ते पाणी वरवर असलेल्या जमिनीत. पाऊस आला तसे भरले आणि वर आले. खड्ड्याचा तळ भूजलाच्या पातळीपासून किमान 1.5 मीटर वर असावा लागतो आणि आमच्याकडे तर दोन हात खणलं की पाणी. तुम्ही खड्ड्यांचा नादच सोडलात. ओटे बांधून वर शौचालयं घेतलीत, खाली बंद टाक्या, आणि त्या काठोकाठ भरायच्या आत उपसायची गाडी. वीस माणसांमागे एक हे शेवटचं गणित. सुरुवातीला पन्नासांमागे एक जमलं, पण तेव्हाही बायकांसाठी तीन आणि पुरुषांसाठी एक हे प्रमाण सोडलं नाहीत. आराखडा पक्का करायच्या आधी रात्री आठ वाजता चार मुलींना टॉर्च देऊन तंबूपासून तिथवर चालायला लावलंत, स्वतः मागे चालत. कुठे भीती वाटली ते विचारलंत. त्या जिथे थबकल्या तिथे दिव्याचा खांब लागला. सगळ्या दारांना आतून कडी लागली. कडीची किंमत ती काय! आधीच्यांच्या एकाही दाराला ती नव्हती.

पाण्याचं थोडक्यात. माणशी रोज 15 लिटर, 250 माणसांमागे एक नळ, रांग अर्ध्या तासाच्या वर नको. नळाच्या तोंडाशी क्लोरीन लिटरला 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम उरलेलं हवं, आणि पुराचं गढूळ पाणी आधी निवळल्याशिवाय क्लोरीन टाकून फायदा नाही; गाळच ते खाऊन टाकतो. या मापांचं पुस्तक तुम्ही समितीला दिलंत. स्फिअरची मानकं, म्हणजे मदतकार्यात माणसाला निदान किती मिळायलाच हवं ते सांगणारी मापं, 1997 साली सुरू झालेल्या कामातून आलेली. पहिल्या पानावर माणसाला सन्मानाने जगण्याचा हक्क आहे हे येतं, आकडे त्यानंतर, हे तुम्ही बोट ठेवून दाखवलंत.

ताई, चांगुलपणा म्हणजे गोड बोलणं असं आम्हाला वाटायचं. तुम्ही फारसं गोड बोलत नव्हतात. दोन मीटरसाठी आमच्याशी भांडलात, यादीत खोटं नाव घालायला आलेल्या बड्या माणसाला सर्वांसमोर परत पाठवलंत. पण कोणाला अरे-तुरे केलं नाहीत, कोणाचा तंबू विचारल्याशिवाय उघडला नाहीत, आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणालात. असं वागणारं एक माणूस वर असलं की खाली शंभर जण तसं वागू लागतात. शिधा मोजणारी पोरं आता म्हाताऱ्यांना आजोबा म्हणून हाक मारतात. हे कोणत्याही संस्थेने शिकवलेलं नाही.

मधल्या चराचा मोरीजवळचा तुकडा पुन्हा गाळाने भरला होता, तो काल मोकळा केला. पाच नंबरची शौचालयाची टाकी उपसायची गाडी परवा येणार आहे. फळा आहे तिथेच आहे. रोज चार वाजता समितीतलं कुणीतरी तिथे जाऊन उभं राहतं, सांगण्यासारखं असो वा नसो. काल पाळी जुन्या छावणीतल्या मावशींची होती. त्यांनी लिहिलं : "साबण : आला नाही. उद्या चारला सांगते."

तुमच्या,
छावणीच्या पाणी-निवारा समितीतल्या आम्ही सगळ्या आणि सगळे